व्हॉल्व्हच्या स्प्रिंगला पोलाद कोणते?

माझा एक जुना विद्यार्थी आता गावी शेती करतो. विहिरीवर त्याचे डिझेलवर चालणारे ऑइल एंजिन आहे. एका उन्हाळ्यात, ऐन पाण्याच्या दिवसांत, एंजिनाच्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हची स्प्रिंग तुटली. जवळपास तशी स्प्रिंग मिळेना, म्हणून त्याने तालुक्याच्या गावी एका कारागिराकडून त्याच मापाची स्प्रिंग वळून घेतली. एंजिन सुरू झाले. पण पंधरा दिवसांतच त्याचा जोर कमी होऊ लागला. धूर वाढला, पाणी कमी पडू लागले आणि निम्मा ऊस वाळायला आला. स्प्रिंग काढून पाहिली तर ती 'बसली' होती, म्हणजे तिची उंची कमी झाली होती.

तो तीन स्प्रिंगा घेऊन माझ्याकडे आला : पहिली तुटलेली, दुसरी बसलेली आणि तिसरी, दुसऱ्या व्हॉल्व्हवरची मूळची शाबूत स्प्रिंग. "सर," तो म्हणाला, "तार तेवढीच जाड, वेटोळी तेवढीच. मग एक तुटते आणि एक बसते, असे का? बारावीला तुम्ही स्प्रिंगचे सूत्र शिकवले होते. त्यात तर पोलाद कोणते, हे कुठे येतच नाही!"

विद्यार्थी मित्रांनो, त्याचा प्रश्न अगदी नेमका होता. त्याचेच उत्तर आज आपण शोधू.

स्प्रिंगचे काम

चार आघाती एंजिनात सिलिंडरमध्ये हवा येण्याची आणि जळालेला वायू बाहेर जाण्याची वाट व्हॉल्व्ह, म्हणजे झडपा, उघडतात व बंद करतात. व्हॉल्व्ह उघडण्याचे काम कॅम करतो. कॅम म्हणजे एका बाजूला फुगीर असलेली, फिरणारी चकती. तिचा फुगवटा व्हॉल्व्हला ढकलतो. फुगवटा पुढे सरकला की व्हॉल्व्ह परत जागेवर आणून घट्ट बसवण्याचे काम मात्र स्प्रिंगचे. स्प्रिंगचा जोर कमी पडला तर व्हॉल्व्ह नीट बसत नाही, तापलेला वायू फटीतून निसटतो, व्हॉल्व्हची कड जळते आणि एंजिनाची शक्ती घटते. स्प्रिंग तुटली तर व्हॉल्व्ह दट्ट्यावर आदळण्याचाही धोका असतो.

हे काम किती वेळा करावे लागते? एंजिनाच्या दोन फेऱ्यांत प्रत्येक व्हॉल्व्ह एकदा उघडतो. मिनिटाला १५०० फेरे घेणाऱ्या ऑइल एंजिनात स्प्रिंग मिनिटाला ७५० वेळा, तासाला ४५,००० वेळा दाबली जाते. रोज सहा तास एंजिन चालवले तर पंधरा दिवसांत ४० लाखांहून अधिक वेळा! मोटारगाडीचा हिशेब याहून मोठा आहे. ताशी सरासरी ५० किलोमीटर वेगाने एक लाख किलोमीटर जायला २,००० तास लागतात. एंजिनाचे मिनिटाला सरासरी ३,००० फेरे धरले तर एवढ्या वेळात प्रत्येक स्प्रिंग १८ कोटी वेळा दाबली जाते. घरातील कोणतीही वस्तू आपण आयुष्यात एवढ्या वेळा वापरत नाही.

प्रयोगशाळेत काय दिसले?

आम्ही दोघे प्रयोगशाळेत गेलो. शाबूत स्प्रिंगची मोकळी उंची ५२ मिलिमीटर होती, बसलेल्या स्प्रिंगची ४८ मिलिमीटर. दोन्हींच्या तारेची जाडी ४ मिलिमीटर, वेटोळ्याचा व्यास (तारेच्या मध्यापासून मध्यापर्यंत) २८ मिलिमीटर आणि काम करणारी वेटोळी ५. आता दोन्हींवर आळीपाळीने वजने ठेवली. पाच किलोग्रॅम वजनाने शाबूत स्प्रिंग सुमारे २.१ मिलिमीटर दबली आणि बसलेली स्प्रिंगही तेवढीच दबली. दहा किलोग्रॅमला दोन्ही सुमारे ४.२ मिलिमीटर दबल्या.

रॉबर्ट हुक या इंग्रज शास्त्रज्ञाने १६७८ साली प्रसिद्ध केलेला नियम तुम्हाला ठाऊक आहेच : बल दुप्पट केले की दबणेही दुप्पट होते. तो नियम दोन्ही स्प्रिंगा पाळत होत्या. इतकेच नव्हे, तर दोन्हींचा कडकपणाही एकच होता!

याचे कारण स्प्रिंगच्या सूत्रात आहे. स्प्रिंग एक मिलिमीटर दाबण्यास जे बल लागते त्याला तिचा कडकपणा म्हणू. मग

कडकपणा = (ग × त × त × त × त) ÷ (८ × व × व × व × न)

येथे त ही तारेची जाडी, व हा वेटोळ्याचा व्यास, न ही वेटोळ्यांची संख्या आणि ग हा पोलादाचा दृढता गुणांक आहे. स्प्रिंग दाबली की तिची तार वाकण्यापेक्षा मुख्यतः पिळली जाते, म्हणून सूत्रात हा गुणांक येतो. साधे कार्बन पोलाद घ्या किंवा क्रोमियम, व्हॅनेडियम घातलेले महागडे पोलाद घ्या, ग ची किंमत दर चौरस मिलिमीटरला जवळजवळ ८०,००० न्यूटन एवढीच येते. दृढता गुणांक हा लोखंडाच्या अणूंमधील बंधांवर अवलंबून असतो. शंभरात दोन-तीन भाग दुसरी मूलद्रव्ये मिसळली किंवा पोलादाला पाणी दिले, म्हणून ते बंध फारसे बदलत नाहीत. वरील आकडे सूत्रात घालून पाहा. कडकपणा मिलिमीटरला २३.३ न्यूटन येईल.

म्हणजे 'चांगल्या पोलादाची स्प्रिंग अधिक कडक असते' हा समज चुकीचा आहे. कडकपणा मापांनी ठरतो. मग पोलाद निवडायचे कशासाठी? ते समजण्यासाठी आधी एक प्रयोग करा.

तुम्हीही करून पाहा

लोखंड कापण्याच्या करवतीचे साधे, स्वस्त कार्बन पोलादाचे पाते घ्या. त्याचे एक टोक टेबलाच्या कडेला पकडीने घट्ट बसवा आणि सुमारे २० सेंटिमीटर लांबी बाहेर राहू द्या. दुसऱ्या टोकाच्या भोकातून दोरा ओवून २०, ४०, ६० ग्रॅम वजने क्रमाने टांगा आणि प्रत्येक वेळी टोक किती खाली येते ते मोजा. मग वजन हळूहळू पाव किलोपर्यंत वाढवा व काढून घ्या. पाते पुन्हा सरळ होईल.

आता तेच पाते शिक्षकांच्या देखरेखीखाली भट्टीत लाल होईपर्यंत तापवा आणि राखेत पुरून सावकाश थंड होऊ द्या. पुन्हा तीच वजने त्याच अंतरावर टांगा. २०, ४०, ६० ग्रॅमला टोक पूर्वीइतकेच खाली येईल. पण वजन वाढवत नेले की एका मर्यादेनंतर पाते वाकलेलेच राहील. पात्याचा कडकपणा बदलला नाही. बदलली ती त्याची स्थितिस्थापकतेची मर्यादा, म्हणजे किती ताण सोसून ते मूळ आकाराला परत येते ती सीमा. (डोळ्यांना चष्मा लावा. पाणी दिलेले पाते ठिसूळ असते, ते हाताने वाकवू नका.)

पोलादाची निवड करायची ती या सोसण्याच्या गुणासाठी. व्हॉल्व्हच्या स्प्रिंगला तीन गोष्टी सोसाव्या लागतात : मोठे प्रतिबल, ते कोट्यवधी वेळा, आणि तेही उष्णतेत.

पहिली परीक्षा : प्रतिबल

आपली स्प्रिंग एंजिनात बसवताना १० मिलिमीटर दाबून बसवली आहे असे धरा. व्हॉल्व्ह उघडताना ती आणखी १० मिलिमीटर दबते. म्हणजे तिच्यावरील बल २३३ न्यूटनपासून ४६६ न्यूटनपर्यंत वाढते आणि परत येते. बल ४६६ न्यूटन असताना वेटोळ्याच्या आतल्या बाजूला तारेच्या पृष्ठभागावर दर चौरस मिलिमीटरला सुमारे ६३० न्यूटन एवढे पिळाचे प्रतिबल येते. साधे बांधकामाचे मऊ पोलाद एवढ्याने कायमचे पिळले जाईल. स्प्रिंगच्या पोलादात म्हणूनच कार्बनचे प्रमाण जास्त, साधारण अर्धा ते एक टक्का, ठेवतात.

या तारा दोन रीतींनी बळकट करतात. एका रीतीत तार थंड असतानाच एकामागून एक लहान भोकांतून ओढून बारीक करतात. पियानोच्या तारा अशा असतात. त्यात ०.७ ते १ टक्का कार्बन असतो आणि दुसरे मिश्रण जवळजवळ नसते. दुसऱ्या रीतीत तार तापवून तेलात एकदम थंड करतात, म्हणजे लोहाराच्या भाषेत तिला पाणी देतात. मग तिचा ठिसूळपणा घालवण्यासाठी ती पुन्हा बेताने तापवतात. या दुसऱ्या तापवण्याला टेंपरिंग म्हणतात. मिश्र पोलादाच्या तारा या रीतीने करतात.

आता एक गमतीची गोष्ट पाहा. ४ मिलिमीटर जाडीची ओढलेली साधी पियानोची तार ताणून तोडायला क्रोमियम-व्हॅनेडियम पोलादाच्या तारेपेक्षा जास्तच बल लागते! नुसत्या बळावर निवड करायची असती तर ही स्वस्त तारच पहिली आली असती. तिचा पराभव होतो तो पुढच्या परीक्षेत.

दुसरी परीक्षा : उष्णता

व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा तापलेल्या तेलाच्या शिडकाव्यात काम करतात. एंजिनाचे माथे तापलेले असते, त्यातून एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या दांड्यामधून उष्णता वर येत राहते. स्प्रिंगचे तापमान १०० अंश सेल्सिअसच्या पुढे सहज जाऊ शकते. पोलाद वितळायला दीड हजार अंशांच्या आसपास तापमान लागते, मग शे-सव्वाशे अंशांनी काय होणार, असे वाटेल. पण तार सतत मोठ्या प्रतिबलाखाली असते. तापमान वाढले की स्फटिकातील अणूंच्या थरांना किंचित घसरणे सोपे जाते. प्रत्येक घसरण अतिसूक्ष्म असली तरी तास जसजसे जातात तसतशी स्प्रिंग 'बसते'.

ओढलेल्या साध्या तारेची स्प्रिंग सुमारे १२० अंशांपर्यंतच विश्वासाने वापरता येते. क्रोमियम-व्हॅनेडियम पोलादाची मर्यादा सुमारे २२० अंश, तर क्रोमियम-सिलिकॉन पोलादाची सुमारे २४५ अंश आहे. या मिश्रणात घातलेला प्रत्येक घटक आपापले काम करतो.

क्रोमियम-व्हॅनेडियम पोलादात सुमारे ०.५ टक्का कार्बन, १ टक्का क्रोमियम आणि निदान ०.१५ टक्का व्हॅनेडियम असते. क्रोमियममुळे पाणी देताना तार गाभ्यापर्यंत सारखी कठीण होते. व्हॅनेडियम कार्बनशी संयोग पावून अतिबारीक कार्बाइडचे कण बनवते. हे कण तार तापवताना पोलादाचे स्फटिक मोठे होऊ देत नाहीत, आणि स्फटिक बारीक असले की पोलाद चिवट राहते.

क्रोमियम-सिलिकॉन पोलादात सुमारे ०.५५ टक्का कार्बन, १.२ ते १.६ टक्के सिलिकॉन आणि ०.६ ते ०.८ टक्का क्रोमियम असते. येथे खरी करामत सिलिकॉनची. टेंपरिंग करताना कार्बन बाहेर पडून त्याचे जाड कार्बाइड बनू लागते व पोलाद मऊ होते. सिलिकॉन ही क्रिया लांबवतो. त्यामुळे या तारेचे टेंपरिंग अधिक तापमानाला करता येते आणि तरीही तिचे बळ टिकते. जी तार तयार होतानाच जास्त उष्णता सोसून आली आहे, ती एंजिनाच्या उष्णतेने सहजासहजी बसत नाही. म्हणूनच मोटारींच्या व्हॉल्व्ह स्प्रिंगांत हे पोलाद आणि त्याचे सुधारलेले प्रकार मोठ्या प्रमाणावर वापरले जातात.

'मग न गंजणारे स्टेनलेस पोलाद का नको?' असे कोणी विचारील. उष्णता ते चांगली सोसते. पण स्प्रिंग तेलात न्हालेली असते, तेथे गंजाचे भय थोडे. उलट स्टेनलेसची तार महाग, आणि वारंवार येणाऱ्या प्रतिबलाला ती क्रोमियम-सिलिकॉनइतकी टिकत नाही.

तिसरी परीक्षा : शिणवटा

कागदाला लावायची तारेची क्लिप एकदा वाकवली तर तुटत नाही, पण दहा-वीस वेळा मागेपुढे वाकवली की तुटते. धातूच्या या थकण्याला शिणवटा म्हणतात. आगगाडीचे आस असे का तुटतात, याचे पद्धतशीर प्रयोग आउगुस्ट व्होलर या जर्मन रेल्वे अभियंत्याने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास केले. एकदा सोसता येणाऱ्या भारापेक्षा पुष्कळ कमी भारही पुनःपुन्हा आला तर धातू तुटतो, आणि प्रतिबल जितके कमी तितकी आवर्तने जास्त सोसली जातात, हे त्याने दाखवले.

शिणवट्याची सुरुवात एखाद्या सूक्ष्म तड्याने होते. पिळलेल्या तारेत प्रतिबल सर्वांत जास्त असते ते पृष्ठभागावर. त्यामुळे पृष्ठभागावरचा ओरखडा किंवा पृष्ठभागाजवळ अडकलेला एखादा कठीण अधातू कण हा तड्याचा उगम ठरतो. हा कण मिलिमीटरच्या दोन-तीन शतांश भागाएवढा असला तरी पुरे! म्हणून व्हॉल्व्हच्या स्प्रिंगचे पोलाद निवडताना घटकांच्या टक्केवारीइतकेच महत्त्व त्याच्या स्वच्छतेला आहे. पोलाद बनवताना त्यातील ऑक्सिजन काढण्यासाठी एरवी ॲल्युमिनियम वापरतात, पण त्याचे ऑक्साइड फार कठीण असते. म्हणून या पोलादात ते टाळून सिलिकॉनने काम भागवतात आणि रस निर्वातात ठेवून त्यातील वायू काढून टाकतात. तारेची वरची साल तासून काढतात. भोवरा प्रवाहांच्या साहाय्याने तारेची इंचन् इंच तपासणी करतात.

शेवटी तयार स्प्रिंगवर बारीक पोलादी छऱ्यांचा मारा करतात. त्याने पृष्ठभागाचा पातळ थर ठोकला जाऊन कायमचा दाबाखाली राहतो. तडा उघडण्यासाठी ताण लागतो. थर आधीच दाबलेला असल्यामुळे तडा उघडणे अवघड जाते. किती साधी युक्ती!

पोलाद चांगले, तर स्प्रिंग हलकी

चांगल्या पोलादाचा आणखी एक लाभ आहे. ठरावीक आकारमानाच्या तारेत साठणारी ऊर्जा प्रतिबलाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. समजा नवे पोलाद २० टक्के अधिक प्रतिबल सोसते. मग १.२ × १.२ = १.४४, म्हणजे तेवढ्याच तारेत ४४ टक्के अधिक ऊर्जा साठेल. किंवा तीच ऊर्जा साठवायला सुमारे ३० टक्के कमी तार पुरेल.

हलकेपणाला एवढे महत्त्व का? स्प्रिंगला स्वतःची नैसर्गिक वारंवारता असते. आपल्या स्प्रिंगच्या काम करणाऱ्या तारेचे वस्तुमान ४३ ग्रॅमच्या आसपास येते आणि दोन्ही टोके अडकलेली असताना तिची वारंवारता सेकंदाला सुमारे ३६६. मिनिटाला ६,००० फेरे घेणाऱ्या एंजिनात कॅम सेकंदाला ५० वेळा ढकलतो. पण त्याचा धक्का साधा नसतो, त्यात ५० च्या दुप्पट, तिप्पट, चौपट अशा वारंवारताही मिसळलेल्या असतात. त्यांतील सातवी ३५०, म्हणजे ३६६ च्या अगदी जवळ. दोन्ही जुळल्या की अनुस्पंदन होऊन वेटोळी स्वतःच उसळू लागतात आणि व्हॉल्व्ह कॅमच्या ताब्यात राहत नाही. स्प्रिंग हलकी केली की तिची वारंवारता वाढते आणि ती कॅमच्या प्रबळ धक्क्यांपासून दूर जाते. फार वेगाच्या शर्यतींच्या एंजिनांत मात्र पोलादही अपुरे पडू लागले. १९८६ साली रेनॉ कंपनीने फॉर्म्युला वन शर्यतीच्या एंजिनात तारेच्या स्प्रिंगऐवजी दाबलेल्या वायूची स्प्रिंग आणली.

तीन स्प्रिंगांचा निकाल

आता माझ्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे वळू. तुटलेली स्प्रिंग भिंगाखाली धरली. तुटलेल्या तोंडावर एका बिंदूभोवती शिंपल्यावर असतात तशा वर्तुळाकार रेषा होत्या. त्या बिंदूपाशी तारेवर पकडीचा एक जुना ओरखडा होता. पूर्वी कधीतरी व्हॉल्व्ह घासताना कोणीतरी स्प्रिंग पकडीने ओढून बसवली असावी. पोलाद उत्तम होते. त्याचा घात एका ओरखड्याने केला.

बसलेल्या स्प्रिंगवर ओरखडा नव्हता. कारागिराने मापेही चोख घेतली होती. पण तार साध्या कार्बन पोलादाची, एक्झॉस्ट व्हॉल्व्हची उष्णता तिला सोसली नाही. ५२ मिलिमीटरची स्प्रिंग ४८ वर आली, म्हणजे उंची अवघी आठ टक्के घटली. मग एवढा परिणाम कसा? बसवताना ती १० मिलिमीटर दबायला हवी होती, ती आता ६ मिलिमीटरच दबत होती. व्हॉल्व्ह बंद ठेवणारे बल २३३ न्यूटनवरून १४० न्यूटनवर, म्हणजे ४० टक्क्यांनी खाली आले!

"म्हणजे सर, सूत्र बरोबरच होते," तो म्हणाला.

"सूत्र बरोबरच आहे. पण अरे, स्प्रिंग आज किती जोर लावील एवढेच ते सांगते. किती दिवस लावील, ते पोलादाला विचारावे लागते."

त्याने जिल्ह्याच्या गावाहून एंजिन बनवणाऱ्याचीच मूळ जातीची स्प्रिंग आणली आणि पकड न लावता, स्प्रिंग दाबण्याच्या शिकंज्याने बसवली. अर्धा ऊस हातचा गेला होता, उरलेला वाचला.

स्वाध्याय

१. मिनिटाला ३,६०० फेरे घेणाऱ्या चार आघाती एंजिनातील व्हॉल्व्हची स्प्रिंग दहा तासांत किती वेळा दाबली जाईल?

२. इतर मापे तीच ठेवून तारेची जाडी ४ ऐवजी ४.४ मिलिमीटर केली, तर कडकपणा किती टक्क्यांनी वाढेल?

३. लेखातील स्प्रिंग २ मिलिमीटरच बसली असती, तर व्हॉल्व्ह बंद ठेवणारे बल किती टक्क्यांनी घटले असते?

४. तुमच्या गावातील गॅरेजमध्ये जाऊन तुटलेली एखादी स्प्रिंग मागून घ्या. भिंगातून तिचे तुटलेले तोंड पाहा आणि तडा कोठून सुरू झाला असावा, ते वर्गात सांगा.